रँडम आकड्यांचं मूळ विचारावंच लागतं

प्रश्न असा आहे. शेतीपंपाचे मोबाइलवरून चालणारे स्टार्टर बनवणारी एक छोटी टीम आहे. त्यांच्या नव्या मॉडेलमध्ये एसटीएम३२एफ४ मालिकेतला मायक्रोकंट्रोलर असून त्यात हार्डवेअर रँडम नंबर जनरेटर, म्हणजे अंदाज न येणारे आकडे देणारा भाग, आहे. त्यातून निघणारे ३२-बिट शब्द एकापुढे एक ठेवून थेट एईएसची, म्हणजे संदेश कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीची, किल्ली बनवली तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय. या जनरेटरचे १० कोटी बिट काढून त्यांनी संख्याशास्त्रीय चाचण्या लावल्या आणि सगळ्या पास झाल्या. स्वस्त मॉडेलच्या चिपमध्ये मात्र असा जनरेटर नाही, तिथे एडीसीची (व्होल्टेज मोजून आकडा देणाऱ्या भागाची) कशालाही न जोडलेली मोकळी पिन वाचून काम भागवायचा विचार आहे.

माझं उत्तर: जनरेटर जरूर वापरा, पण त्याचे शब्द सरळ किल्ली म्हणून घेऊ नका. चाचण्या पास झाल्या यावर काही बांधू नका. आणि मोकळी पिन नकोच. एम्बेडेड उपकरणांच्या सुरक्षेचं काम मी १८ वर्षं करतोय. या काळात किल्ल्या फुटल्याची जी प्रकरणं माझ्या टेबलावर आली, त्यांत एईएसचं किंवा आरएसए या दुसऱ्या पद्धतीचं गणित मोडल्याचं एकही नव्हतं. किल्ली जिथून जन्मली तिथेच घोळ होता.

चाचण्यांपासून सुरुवात करतो, कारण फसगत बहुतेकदा तिथेच होते. एक प्रयोग स्वतः करून बघा. ०, १, २, ३ असा साधा काउंटर घ्या. सगळे बिट शून्य असलेल्या किल्लीने त्यातला प्रत्येक आकडा एईएसमधून काढा आणि निकाल ओळीने एका फाइलीत लिहा. ही फाइल कुठल्याही चाचणीसंचाला द्या, ती पास होईल. तरी तिच्यातली एन्ट्रॉपी, म्हणजे अंदाज न येण्याचं माप, शून्य आहे, कारण ही कृती ज्याला माहीत आहे तो सगळी फाइल बिटागणिक पुन्हा बनवू शकतो. आकडे विस्कळीत दिसतात का, एवढंच चाचणी बघते. ते दुसऱ्या कुणाला आधी सांगता येतील का, हे तिला कळायला मार्गच नाही.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. रँडम आकड्यांना मात्र मूळच विचारावं लागतं. तुमच्या चिपमध्ये काय आहे ते बघा: अनेक रिंग ऑसिलेटरांचे (ते काय, हे पुढे येतं) निकाल एक्सऑर होतात, म्हणजे बिटागणिक एकमेकांत मिसळतात, ते एका फीडबॅकवाल्या शिफ्ट रजिस्टरमध्ये (बिट सरकवत फिरवणाऱ्या सर्किटात) घुसळले जातात, आणि मग ३२-बिट शब्द तुमच्या हाती पडतो. ते शिफ्ट रजिस्टर अगदी कमकुवत नॉइजला, म्हणजे सर्किटातल्या नैसर्गिक खळबळीलासुद्धा, छान चेहरा देतं. तुम्ही १० कोटी बिट तपासलेत ते या घुसळणीनंतरचे. तपासायला हवा तो कच्चा नॉइज, आणि एफ४ मध्ये तो बाहेर मिळतच नाही. म्हणून या चिपवरचा विश्वास थोडा राखूनच ठेवायचा.

एन्ट्रॉपी मोजायची कशी, हेही इथेच सांगतो, कारण पुस्तकातली, माहितीशास्त्रज्ञ शॅनन यांची सरासरीवरची व्याख्या वापरून लोक स्वतःला जास्त मार्क देतात. क्रिप्टोग्राफीत किमान एन्ट्रॉपी मोजतात: सर्वांत जास्त शक्यता असलेला निकाल कुठला, आणि हल्लेखोराने डोळे मिटून तोच धरला तर तो किती वेळा बरोबर येईल. समजा एखादा उगम १०० पैकी ९० वेळा १ देतो. शॅननच्या हिशोबाने दर बिटामागे ०.४७ बिट एन्ट्रॉपी आहे, म्हणजे २५६ बिटांच्या किल्लीला साधारण ५५० कच्चे बिट पुरतील असं वाटतं. किमान एन्ट्रॉपी निघते फक्त ०.१५, आणि मग जवळजवळ १,७०० कच्चे बिट लागतात. तिप्पट फरक. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची ८००-९०बी ही २०१८ची मार्गदर्शिका हाच माप धरते आणि उगमाचे किमान १० लाख कच्चे नमुने मागते. जर्मनीच्या बीएसआय या सायबरसुरक्षा संस्थेची एआयएस ३१ पद्धत तर आणखी एक पायरी पुढे जाते. तिला नमुन्यांबरोबर उगमाचं गणिती प्रारूपही हवं असतं: हा नॉइज कुठल्या भौतिक कारणाने येतो आणि त्यावरून एन्ट्रॉपी किती यायला हवी, ते आधी मांडा आणि मग मोजमाप जुळतं का ते दाखवा. माझ्या मते हीच रीत योग्य आहे.

आता तो नॉइज येतो कुठून. रिंग ऑसिलेटर म्हणजे विषम संख्येतले इन्व्हर्टर (० चा १ आणि १ चा ० करणारी छोटी सर्किटं) गोलाकार जोडलेले. सिग्नल त्यांतून उलटसुलट होत फिरत राहतो. ट्रान्झिस्टरमधल्या उष्णतेच्या नॉइजमुळे प्रत्येक फेरीला लागणारा वेळ किंचित कमी-जास्त होतो, त्याला जिटर म्हणतात. एका फेरीतला जिटर अगदी नगण्य असतो. तो साचू द्यावा लागतो, आणि तो वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात साचतो. म्हणजे दुप्पट जिटर हवा तर चौपट थांबा. जास्त बिट मिळावेत म्हणून नमुना घेण्याचा वेग वाढवला की मागचा बिट आणि पुढचा बिट एकमेकांना चिकटू लागतात. वेगाचे आकडे डेटाशीटमध्ये झळकतात, पण या कामात संथ जनरेटर मला जास्त भरवशाचा वाटतो.

रिंग ऑसिलेटरचा दुसरा स्वभाव असा की तो बाहेरच्या तालाला बळी पडतो. २००९मध्ये केंब्रिजच्या मार्केटोस आणि मूर यांनी चिपच्या वीजपुरवठ्यातच ठरावीक वारंवारितेचा सिग्नल सोडला. ऑसिलेटर त्या तालावर जखडले आणि जिटर नाहीसा झाला. एका सुरक्षित म्हणवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरची २ च्या ६४व्या घाताइतकी शक्यतांची संख्या ३,३०० वर आली. तुमचा स्टार्टर मोटरच्या शेजारी एका पत्र्याच्या पेटीत बसणार आहे. तिथे कुणी मुद्दाम हल्ला करेल असं मी म्हणत नाही, पण कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच) उडताना, व्होल्टेज पडलेलं असताना, मे महिन्यात पेटी तापलेली असताना हा जनरेटर कसा वागतो हे तुम्ही टेबलावरच्या शांत बोर्डावरून ओळखू शकणार नाही. त्याच पेटीत, चालू मोटरजवळ मोजा.

मोकळ्या एडीसी पिनबद्दल. ही युक्ती हौशी प्रकल्पांतून सगळीकडे पसरली आहे आणि प्रथमदर्शनी आकडे खरंच वेडेवाकडे दिसतात. मी एकदा एका बोर्डाचे असे नमुने घेऊन त्यांचं स्वतःशीच असलेलं नातं तपासलं, म्हणजे तोच नमुना ठरावीक वेळाने पुन्हा येतो का ते. दर २० मिलिसेकंदांनी ठळक शिखर. म्हणजे ती पिन आमच्या खोलीतल्या ५० हर्ट्‌झच्या वायरिंगचा अँटेना झाली होती. तोच बोर्ड बॅटरीवर चालवून मोकळ्या मैदानात नेला, तर आकडा एका जागी बसला आणि एखाद-दुसऱ्या पायरीने हलत राहिला. घरात नॉइज, शेतात शांतता. तुमचं उपकरण शेतातच राहणार आहे.

कच्चा नॉइज ० किंवा १ कडे थोडा कललेला असतोच, त्याला सरळ करण्याची जुनी युक्ती गणितज्ञ फॉन नॉयमन यांची, १९५१ची: बिट जोडीने घ्या, ०१ आला तर ०, १० आला तर १, बाकी जोड्या फेकून द्या. सुंदर आहे, पण बिट एकमेकांपासून स्वतंत्र असले तरच ती खरी ठरते. आज सरळ एसएचए-२५६ या हॅशमधून काढतात, म्हणजे कितीही बिट घुसळून २५६ बिटांचा आकडा देणाऱ्या सूत्रातून. त्यात एकच गोष्ट विसरायची नाही: हॅश एन्ट्रॉपी गोळा करतो, निर्माण करत नाही. आत ४० बिटांची एन्ट्रॉपी घातली तर बाहेर २५६ बिटांचा देखणा आकडा येतो आणि त्याची ताकद ४० बिटांचीच राहते.

मूळ न विचारल्याने काय होतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्पष्ट उदाहरण तैवानचं आहे. तिथलं सरकार नागरिकांना डिजिटल ओळखीचं स्मार्टकार्ड देतं. कर भरणं, सरकारी सेवा, सही, सगळं त्यावर. आरएसएची किल्ली कार्डातल्या चिपमध्येच, तिच्या हार्डवेअर जनरेटरने बनते. चिप आणि कार्ड दोन्ही नावाजलेल्या प्रमाणन पद्धतींतून पास झालेली होती. २०१३मध्ये बर्नस्टाइन, हेनिंगर, लांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कार्डांच्या २० लाखांहून अधिक सार्वजनिक किल्ल्या तपासल्या.

आरएसएची सार्वजनिक किल्ली म्हणजे दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार. तो गुणाकार फोडणं महाकठीण. पण दोन वेगळ्या कार्डांत एक मूळ संख्या सारखी निघाली, तर शाळेतला मसावि पुरतो. दोन किल्ल्यांचा मसावि काढा, ती सामाईक संख्या समोर येते आणि दोन्ही किल्ल्या एका फटक्यात उघडतात. जनरेटर नीट असेल तर ५१२ बिटांची तीच मूळ संख्या दोनदा निघणं विश्वाच्या आयुष्यात घडू नये. इथे १०३ किल्ल्या नुसत्या मसाविने फुटल्या.

त्यातली एक मूळ संख्या तर ४६ वेळा आली होती. ती संख्या लिहून बघितली की काय झालं असेल ते डोळ्यांसमोर उभं राहतं: २ चा ५११वा घात, अधिक २ चा ५१०वा घात, अधिक ७६१. बायनरीत सर्वांत वरचे दोन बिट १, मग शून्यंच शून्यं, आणि अगदी शेवटी थोडी हालचाल. जनरेटरने सरळ सगळी शून्यं दिली होती. सॉफ्टवेअरने नेहमीप्रमाणे वरचे दोन बिट १ केले, पुढची मूळ संख्या शोधली, ती ७६१ पावलांवर सापडली, आणि किल्ली तयार म्हणून पुढे गेलं. इतर फुटलेल्या संख्यांत तीन, पाच, सात बिटांचे तुकडे पुन्हा पुन्हा छापलेले दिसत होते. हे नमुने ओळखल्यावर संशोधकांनी ज्यांची मूळ संख्या कुणाशीच सामाईक नव्हती अशा किल्ल्याही फोडल्या, आणि एकूण आकडा १८४ वर गेला. २० लाखांत १८४ म्हणजे थोडेच, असं म्हणवत नाही. ती १८४ माणसांच्या सहीची किल्ली होती, आणि चिपने शून्यं ओकत असताना एकदाही कुणाला थांबवलं नाही.

या थांबवण्यासाठीच सतत चालणाऱ्या दोन तपासण्या असतात. एक, तोच आकडा लागोपाठ किती वेळा आला ते मोजणारी. दुसरी, १,०२४ बिटांच्या खिडकीत एकच मूल्य वाजवीपेक्षा जास्त वेळा येतं का ते बघणारी. पहिलीचा हिशोब सोपा आहे. दर नमुन्याला ०.५ बिट किमान एन्ट्रॉपी धरली आणि चुकून धोक्याची घंटा वाजण्याची शक्यता २ च्या ३०व्या घातात एक इतकी ठेवली, तर मर्यादा ६१ येते: सलग ६१ सारखे नमुने दिसले की जनरेटर बंद. दहा ओळींचा कोड आहे. तैवानची शून्यं याने अडली असती.

तुमच्या चिपमध्ये यासारखी सोय आहे. सलग ६४ पेक्षा जास्त सारखे बिट आले किंवा ०१०१ अशी आलटापालट ३२ पेक्षा जास्त वेळा झाली, तर स्टेटस रजिस्टरमध्ये सीड एररचा, म्हणजे नॉइज बिघडल्याचा, झेंडा वर होतो. घड्याळ बिघडलं तर वेगळा झेंडा. चालू केल्यावरचा पहिला शब्द वापरायचा नसतो. तो बाजूला ठेवून पुढच्या शब्दाशी ताडून बघायचा असतो, आणि तसंच प्रत्येक नव्या शब्दाचं. हे सगळं संदर्भपुस्तिकेत लिहिलेलं आहे, आणि मी तपासलेल्या फर्मवेअरमध्ये ते फार क्वचित पाळलेलं असतं. लायब्ररीचं फंक्शन एरर कोड परत देतं, लिहिणारा तो बघत नाही, बफरमध्ये आधीपासून असलेली शून्यं किल्ली बनून जातात. ईएसपी३२ ही दुसरी चिप वापरणाऱ्यांनीही एवढं लक्षात ठेवावं: वाय-फाय, ब्लूटूथ किंवा चिपमधला पर्यायी नॉइज उगम चालू नसेल तर त्याचा जनरेटर खरा रँडम धरता येत नाही.

झेंडासुद्धा खोटं बोलू शकतो, हे मोठ्या प्रोसेसरांनी दाखवलंय. इंटेलने २०१२मध्ये आयव्ही ब्रिज प्रोसेसरपासून आरडीरँड ही रँडम आकडा मागण्याची सूचना दिली. यश आलं तर कॅरी फ्लॅग हा झेंडा १, नाही तर ०, आणि ० आला तर दहा वेळा पुन्हा प्रयत्न करा असा सल्ला. २०१९मध्ये एएमडीच्या नव्या रायझन ३००० प्रोसेसरांवर हीच सूचना दर वेळी सगळे बिट १ देऊ लागली, आणि कॅरी फ्लॅगही १, म्हणजे 'सगळं ठीक'. काही लिनक्स यंत्रणा बूटच होईनात, म्हणून ते लगेच उघडकीला आलं. २०२५मध्ये एएमडीच्याच झेन ५ प्रोसेसरांवर आरडीसीड या तशाच सूचनेच्या १६ आणि ३२ बिटांच्या रूपात शून्य वाजवीपेक्षा जास्त वेळा येतंय आणि यशाची खूणही सोबत येतेय, असं निघालं. म्हणून लिनक्सचा कर्नल अशा सूचनेचा निकाल सरळ देत नाही. तो इंटरप्टच्या (उपकरणांनी प्रोसेसरला मारलेल्या हाकांच्या) वेळा, साठवलेला सीड (सुरुवातीचा गुप्त आकडा) आणि हार्डवेअरचे आकडे एकत्र हॅश करतो आणि त्यावर चाचा२० हे हवे तितके आकडे काढणारं सूत्र चालवतो. एक उगम मेला तरी बाकीचे तग धरतात. एक उगम, एक भरवसा, ही रचना मी कुठल्याही उत्पादनात मान्य करत नाही.

तुमच्या उपकरणाला आणखी एक धोका आहे, जो परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. एन्ट्रॉपी नसली की लोक वेळ वापरतात: बूट होऊन किती मायक्रोसेकंद झाले, घड्याळ काय म्हणतं. पण शेतीच्या फीडरवर लाइट आली की त्या फीडरवरचे सगळे स्टार्टर एकाच क्षणी जागे होतात. तोच कोड, तीच चिप, तोच वेळ. २०१२मध्ये हेनिंगर यांच्याच गटाने इंटरनेटभर किल्ल्या गोळा केल्या तेव्हा ६४,००० टीएलएस (सुरक्षित वेब जोडणीच्या) सर्व्हरांच्या खासगी किल्ल्या मसाविने निघाल्या होत्या, आणि त्यांत राउटर, फायरवॉल यांसारखी छोटी उपकरणं भरपूर होती. बूट झाल्याझाल्या, नॉइज साचण्याआधीच पहिली मूळ संख्या बनली, ती सगळ्यांची सारखी आली. दुसरी बनेपर्यंत घड्याळ जरा पुढेमागे झालं, ती वेगळी आली. मसाविला हेच हवं असतं.

कारखान्यातली एक चूकही सांगून ठेवतो. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या गेटवेंवर, म्हणजे उपकरणं नेटवर्कला जोडणाऱ्या पेट्यांवर, आम्ही काम करत होतो. त्यांच्या तंत्रज्ञाने सहज सांगितलं, की एकाच आयपीवर एक गेटवे काढून दुसरा लावला तरी लॅपटॉपवर एसएसएच (दुरून लॉगिन करायचा प्रोग्रॅम) 'किल्ली बदलली' असा इशारा देत नाही, फार सोयीचं आहे. माझ्या पोटात गोळा आला. इशारा येत नव्हता, कारण किल्ली बदललेलीच नव्हती. नमुन्याचा गेटवे एकदा बूट करून मग त्याची प्रतिमा, म्हणजे साठवणीची हुबेहूब नक्कल, काढली होती, आणि साठवलेल्या सीडसकट, किल्लीसकट ती सगळ्या मालावर चढली होती. माल परत बोलावावा लागला.

आता तुमच्यासाठी काय करायचं ते. उत्पादनाच्या वेळी, प्रोग्रामिंगच्या टेबलावर, प्रत्येक बोर्डात वेगळं २५६ बिटांचं गुपित घाला. ते टेबलावरच्या लिनक्स संगणकाच्या गेटरँडम या रँडम आकडे देणाऱ्या कॉलमधून घ्या, बोर्डात लिहा आणि संगणकावर ठेवू नका. दोन्ही मॉडेलना हे करा. स्वस्त मॉडेलचा प्रश्न प्रामुख्याने इथेच सुटतो, फक्त त्या चिपचं वाचन-संरक्षण चालू ठेवा.

मग प्रत्येक बूटला हे गुपित, मागच्या बूटला फ्लॅशमध्ये साठवलेला सीड, जनरेटर असेल तर त्याचे तपासलेले किमान ५१२ बिट, आणि चिपचा ९६ बिटांचा अनन्य क्रमांक एकत्र करून एचमॅक-डीआरबीजीला (एका सीडवरून हवे तितके आकडे काढणाऱ्या सूत्राला) सीड द्या. क्रमांक गुप्त नाही, त्याला एन्ट्रॉपी मोजू नका. तो दोन उपकरणं वेगळी राहावीत एवढ्यासाठीच. सगळ्या किल्ल्या या डीआरबीजीतून घ्या. जनरेटरने एरर दिली तर तो बंद करून पुन्हा चालू करा, तीनदा जमलं नाही तर किल्ली बनवायला नकार द्या आणि तसं सर्व्हरला कळवा. पंप जुन्या किल्लीवर चालू राहू द्या. शेतकऱ्याचं पाणी त्यासाठी अडवायचं कारण नाही.

साठवलेला सीड बदलण्याचा क्रम महत्त्वाचा. बूट झाल्यावर आधी नवा सीड बनवून फ्लॅशमध्ये लिहा, तो वाचून खात्री करा, आणि त्यानंतरच पहिला रँडम आकडा कुणालाही द्या. उलट केलंत आणि मध्येच लाइट गेली, तर पुढच्या बूटला तेच आकडे पुन्हा निघतील. लाइट मध्येच जाणारच आहे. फ्लॅश झिजण्याची काळजी वाटेल, तर १६ केबीच्या सेक्टरमध्ये ३२ बाइटच्या ५१२ नोंदी एकापुढे एक मावतात, सेक्टर मिटवायची वेळ ५१२ बूटनंतर येते. वापरलेली नोंद शून्यं लिहून नष्ट करा. १ चा ० करायला सेक्टर मिटवावा लागत नाही.

डिजिटल सह्यांसाठी एड२५५१९ ही पद्धत घ्या, किंवा ईसीडीएसए ही सहीची पद्धत असेल तर नॉन्स (एकेका सहीपुरता वापरायचा आकडा) संदेश आणि किल्लीवरून ठरवणारी रीत. २०१०मध्ये प्लेस्टेशन ३ ची सहीची किल्ली फुटली ती दर सहीला तोच नॉन्स वापरल्यामुळे. जिथे रँडम लागतच नाही तिथे ते वापरू नये.

क्वांटम भौतिकीवर चालणाऱ्या रँडम जनरेटरची चिप घ्यावी का, असंही विचारलंय. तुमच्या किमतीत नको. तिच्यातही तारा, एडीसी आणि फर्मवेअर असतातच, आणि मूक बिघाड त्यांच्यातच होतो.

माल पाठवण्याआधी एक काम करा. एक बोर्ड रिलेवर लावून त्याचा पुरवठा १,००० वेळा तोडा आणि जोडा. दर बूटला चाचणीपुरत्या फर्मवेअरने जनरेटरचे पहिले ३२ शब्द सीरियल पोर्टवर छापा, गुपित न मिसळता. मग दहा बोर्ड एकाच स्विचवर लावून हेच करा, तापलेल्या पेटीत आणि पडलेल्या व्होल्टेजवर. सगळ्या रांगा क्रमाने लावा. कुठल्याही दोन रांगांची सुरुवात सारखी निघाली, तर ती फाइल मला पाठवा आणि तोवर एकही पेटी गोदामाबाहेर जाऊ देऊ नका.